दुखवटा मंजूर, धडधड नामंजूर

रा. रा. रंभाजीराव यांस,

कोपरगावहून (म्हणजे कोपरगावाजवळच्या आमच्या वस्तीवरून) पुंजारामचा रामराम पोहोचावा. तुमची, वहिनींची, लेक निकिताची आणि तुमच्या त्या लंगडणाऱ्या बैलाची तब्येत ठणठणीत असेल अशी आशा करतो. भाताचं पीक कसं आहे तेही कळवा. माझी तब्येत कशी आहे हे तुम्ही फोनने, निरोपाने किंवा तुमच्या अकोले तालुक्यातून येणाऱ्या कुठल्याही माणसाकरवी अजून विचारलेलं नाही, हे मी विसरलेलो नाही. मी तुमच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आमच्याकडे दाजीला नुसती शिंक आली तरी मेहुणे येऊन बघून जातात. तुमच्याकडे डोंगरात वेगळी पद्धत असेल तर माझं काही म्हणणं नाही.

आता तुम्ही म्हणाल, आजच्या काळात दाजी पत्र का लिहीत बसले. तर मोबाईल माझ्याकडे नाही. चेतनने (तुमचा भाचा, पुण्यात नोकरीला लागल्यापासून त्याला बापापेक्षा जास्त कळतं) मागच्या खेपेला तो काढून नेला. कारण काय, तर मी त्यावर दिवसभर आजार शोधतो. अहो, आजार मला झालाय, मी नाही शोधायचा तर कोणी शोधायचा? बदल्यात बटणांचा फोन देऊन गेला. त्यावरून तुमच्या घरी लावला की उचलतं कोण, तर तुमची आक्का. उचलून म्हणते, "कोन?" लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा नंबर तिला तोंडपाठ आहे, आणि वर "कोन?" मी ठेवून देतो. शिवाय काही गोष्टी तिच्या कानावर न घालता तुम्हाला सांगायच्या आहेत, म्हणून हा कागद.

निकिताच्या साखरपुड्यात जे झालं त्यावरून तुमची सगळी भावकी माझ्यावर रुसून आहे असं ऐकतो. त्याचा खुलासा आधी करतो. त्या दिवशी मी काहीही केलेलं नाही. मी पुढच्या खुर्चीवर सभ्यपणे बसलो होतो, पाहुण्यांना सरबत वाटत होते, मी पेला तोंडाला लावला आणि छातीत कोणीतरी मळणीयंत्र सुरू केलं. आधी चाहूल नाही, काही नाही, एकदम धडधड. मानेतल्या शिरा उडायला लागल्या, हात गार पडले, आणि समोर बसलेले तुमचे व्याही (माणूस भला वाटला, मिशा जरा जास्त आहेत) लांब लांब जायला लागले. रंभाजीराव, मी घाबरलो. अशा वेळी माणसाला फक्त एवढंच कळतं की हे आता थांबणार नाही आणि थांबलं तर कायमचंच थांबेल. म्हणून मी "एकशे आठला फोन करा" असं म्हणालो. तुमचे लोक सांगत फिरतात की मी खुर्चीवर उभा राहून बोंब मारली. खुर्चीवर मी चढलो ते मोबाईलला रेंज येईना म्हणून.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. नवरदेवाच्या हातात अंगठी, निकिताचं बोट पुढे, आणि मांडवाच्या तोंडाशी सायरन. आत्या म्हणून ओटी भरण्याचा मान तुमच्या आक्काचा होता, ती ताट घेऊन उभीच होती, तशीच ताटासकट गाडीत बसली. ओटीचा नारळ संगमनेरपर्यंत माझ्या पायाशी गडगडत आला. आणि संगमनेरचे दिवे दिसायला लागले, दवाखान्याची पाटी दिसली, तसं माझं काळीज गप्प झालं. शाळा तपासायला साहेब आले की पोरं जशी हाताची घडी घालून बसतात, अगदी तसं. ईसीजीचा कागद सरळ. तिथला पोरसवदा डॉक्टर म्हणाला, "काका, गॅस असेल, जेवण जड झालं का?" मी जेवलोच नव्हतो! मला तुमच्याकडचा साधा बुंदीचा दाणा मिळालेला नाही, हेही या निमित्ताने कळवतो.

त्यानंतर रक्त झालं, थायरॉईड झालं, छातीचा फोटो झाला, छातीवर थंडगार जेली लावून सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल. धडधड मधूनमधून येतच होती, कधी गवत कापताना, कधी नुसतं बसल्या जागी, पण दवाखान्याच्या पायरीवर पाऊल ठेवलं की पसार. ज्याचं सगळं नॉर्मल आहे त्याला आपल्याकडे कोणी विचारत नाही, उलट संशयाने बघतात. घरीसुद्धा तेच. मी बोटाला लावायचा तो नाडी मोजायचा चिमटा आणला होता. तुमची आक्का भाकरी थापत असताना तो तिच्या बोटाला लावला, केवळ तुलना म्हणून. पिठात भिजून तो बिघडला, आणि बिघडता बिघडता तिची नाडी बहात्तर दाखवून गेला. माझ्याशी भांडत असताना बहात्तर! अशा बाईला माझं दुखणं काय कळणार? त्यावर ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे तुमच्या घराण्याची भाषा तुमच्या लक्षात येईल. "तुमच्या काळजाला काय बी झालं न्हाई. तुमाला लोकांनी भवती जमल्यालं लई आवडतं. माज्या भाचीच्या ओटीचा मान माजा हुता, तो बी तुमी दवाखान्यात न्हेला. आता एकदा तरी त्या मशिनमधी धडधड करून दावा, मग मी येते." एवढं बोलून पिशवी उचलली आणि संगमनेरच्या एसटीत बसली. तेव्हापासून ती तुमच्याकडे आणि मी इथे.

मीही हट्टाला पेटलो. कोपरगावच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि सांगितलं, काहीही करा, पण ही धडधड कागदावर आली पाहिजे, माझ्या संसाराचा प्रश्न आहे. त्यांनी छातीवरचे केस काढून चिकटपट्ट्या लावल्या, त्यांच्या वायरी कमरेच्या छोट्या डबीत सोडल्या आणि म्हणाल्या, हे उद्यापर्यंत अंगावर राहू द्या, काळीज जे जे करील ते सगळं यात उतरेल. मी घरी येऊन तयारीला लागलो. कडक चहा घेतला. वासरामागे धावलो. टीव्हीवरच्या बातम्या लावल्या. तुमच्या व्याह्यांच्या मिशा आठवून पाहिल्या. काळीज ढिम्म हललं नाही. इतकं शिस्तीत ते जन्मात चाललं नसेल. मला रडू यायचं बाकी राहिलं.

नेमकी त्याच दिवशी आमच्या विकास सोसायटीची वार्षिक सभा होती. घरी बसून धडधड येत नाही, तर निदान सभेत येईल, म्हणून गेलो. आमच्या सभेची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. चेअरमन आप्पासाहेब माईकसमोर उभे राहतात, सेक्रेटरी गहिनीनाथ विषय वाचायला लागतो, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्या रांगांतून "मंजूर, मंजूर" असा ओरडा होतो. विषय कुठला होता हे नंतर चहाच्या वेळी एकमेकांना विचारतात. मागे बसणाऱ्यांचं कामच ते आहे, आणि मीही पुष्कळ वर्षं मागेच बसत आलोय. (वायरी दिसून शेजारच्या गोरक्षनाथला वाटलं की मी सभा चोरून टेप करतोय. तो खुर्ची घेऊन लांब जाऊन बसला. जाऊ द्या.)

सभेत पहिला विषय नेहमी दुखवट्याचा असतो. सालात वारलेल्या सभासदांची नावं वाचायची आणि उभं राहून शांतता पाळायची. गहिनीनाथ गंभीर आवाजात वाचत होता, मी मान खाली घालून ऐकत होतो, आणि त्याने माझं नाव वाचलं. माझं, माझ्या वडिलांच्या नावासकट. पहिल्यांदा मला वाईट वाटलं की चांगला माणूस गेला. मग मागून आवाज आला, "मंजूर, मंजूर!" रंभाजीराव, हात वर झालेले मी डोळ्यांनी पाहिले. एकाही माणसाने विरोध केला नाही. ज्यांना माझ्या विहिरीचं पाणी चालतं त्यांनीही नाही. मग सगळे उभे राहिले आणि सवयीने मीही उभा राहिलो. स्वतःच्याच दुखवट्याला टोपी काढून उभा राहिलेला माणूस या तालुक्यात मी पहिलाच असेन.

आणि तेवढ्यात धडधड आली! तीच, मळणीयंत्राची. कानात गुंई आवाज, पण मी डबीवर हात ठेवून हूं की चूं केलं नाही. उतरू दे म्हटलं, सगळी उतरू दे यात. एकीकडे जीव घाबरा झालेला आणि दुसरीकडे आनंदाने डोळ्यांत पाणी. पुढच्या रांगेतल्या लोकांना वाटलं मला गेलेल्यांचं दुःख झालंय.

शांतता संपल्यावर मी मोठ्याने हरकत घेतली. तेव्हा कुठे गहिनीनाथने वर बघितलं आणि त्याच्या हातातला कागद खाली पडला. झालं होतं असं. मी संगमनेरहून परत आलो तेव्हा लोक मला बघायला आले होते. घरात जागा नव्हती म्हणून अंगणात सतरंजी टाकली होती. माणसं गप्प बसलेली, आणि त्यांच्यात लंकाबाई (आमची शेजारीण; हिला रडायला कारण लागत नाही) हुंदके देत होती. अहवाल छापायला द्यायच्या गडबडीत गहिनीनाथ त्या वाटेने चालला होता. त्याने चपला काढल्या, हात जोडून क्षणभर उभा राहिला आणि "येतो" न म्हणता गेला. दुःखाच्या घरून निघताना "येतो" म्हणत नाहीत, एवढी रीत त्याला माहीत आहे. मी आतून खिडकीतून हे सगळं पाहिलं होतं आणि मनात म्हटलंही होतं, काय संस्कारी पोरगा आहे. घरात विचारायचं सोडून त्याने सरळ नाव छापलं. आणि आता आप्पासाहेब काय म्हणाले असतील? "पुंजारामभाऊ, तुमी हायेत ते दिसतंय मला. पन ठराव एकमतानं झालाय. आता दुरुस्ती घ्यायची म्हंजी पुढच्या सभेत घ्यावी लागंल." त्यावरही मागून आवाज आला, "मंजूर!"

पण मला त्याचं काही वाटलं नाही, कारण पुरावा माझ्या कमरेला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद उलगडला, एका जागी बोट ठेवलं आणि विचारलं, "काका, या वेळेला काय करत होता?" मी अभिमानाने सगळं सांगितलं. त्या चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "मग हे वाढायलाच हवं होतं. वाढलं नसतं तर मला काळजी वाटली असती." म्हणजे बघा! आलं नाही तेव्हा नॉर्मल, आणि आलं तेव्हाही नॉर्मल! वर म्हणाल्या, काही माणसांना अशी धडधड येते आणि कारण सापडत नाही, धोक्याचं काही दिसत नाही, चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर लगेच या, एरवी बसून राहा आणि घाबरू नका. घाबरू नका हे औषध कोणत्या मेडिकलमध्ये मिळतं ते त्यांनी लिहून दिलं नाही. जाताना विचारलं, "घरी सोबत कोण असतं?" मी सांगितलं, म्हैस.

तेव्हा रंभाजीराव, आता न्याय तुम्ही करा. आक्काची अट होती मशिनमध्ये धडधड दिसली पाहिजे. दिसली. कशामुळे दिसली पाहिजे, असं ती काही बोलली नव्हती. कागद माझ्याजवळ आहे. अटीप्रमाणे ती हरली आहे, एवढं तिला ठणकावून सांगा. मी मात्र तिला बोलावत नाही. मी इथे अगदी मजेत आहे. लहानथोरांना यथायोग्य सांगावे.

आपला,
पुंजाराम (सोसायटीच्या मते कैलासवासी)

ता. क. वर मजेत आहे असं लिहिलंय ते खरं धरू नका.

ता. क. ती हरली असंही तिला सांगू नका. सांगितलंत तर ती मुळीच येणार नाही.

ता. क. हे शेवटचं, आणि हे फक्त तुमच्यापुरतं. धडधड रोज येत नाही. पण घर इतकं शांत झालंय की नसेल तेव्हाही मी तिच्याकडे कान लावून बसतो. तुमची आक्का घरात असली की भांडी आपटते, म्हशीला बोलते, म्हशीचं झालं की मला बोलते. त्या गलक्यात मला माझं काळीज ऐकू येत नाही. तेव्हा पाया पडतो, तिला पाठवून द्या. राग निवायची वाट बघू नका. रागातच पाठवा, आवाज मोठा होतो.