मालन पुस

२ मार्च १९८७
झालं! मुलुंडच्या आमच्या वधूवर मंडळात माझा प्रोग्राम चालू झाला. अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी. ओळीतला पहिला शब्द म्हणजे आज्ञा — 'शोध', 'छाप' नाहीतर 'पुस'. मग स्थळाचं नाव. मग तिरकी रेघ देऊन वय, उंची वगैरे अटी. सेक्रेटरी अण्णा इतके खूश, की मशीनमध्ये भरून झालेले कागदी फॉर्म लगेच रद्दीत द्यायला लागले.

आमची टायपिस्ट मालन माहिती भरता भरता एका फॉर्मवर थांबली. पाहिलं तर तिचंच नाव! भावाने परस्पर फॉर्म दिलाय. मी म्हणालो, "वा वा, छान!" गाढव मी!

३ मार्च
रविवारी जोगेश्वरीहून एक इंजिनियर मुलगा येणार. मालनची माहिती मीच छापून द्यायची. दोन वर्षं ती शेजारच्या टेबलावर बसते. "चहा घेणार?" यापलीकडे मी तिला काही विचारलेलं नाही.

४ मार्च
कुंडलिकमामा, आमचे कराडकडचे कारकून, मशीनवर बसले. 'कृपया शोध'. मशीन — 'कृपया' नावाची आज्ञा नाही. 'मालन शोध'. मशीन — 'मालन' नावाची आज्ञा नाही. मालनला हसू आवरेना.

मामा भडकले. "आधी नाव, मग काम! 'पाणी आण' म्हणतोस का 'आण पाणी'?"

बरोबर आहे त्यांचं.

५ मार्च
आता आज्ञा ओळीत कुठेही असो, मशीन हुडकून काढतं. 'कृपया', 'जरा' असले शब्द सोडून देतं. झकास!

७ मार्च
वाट लागली!! मामांनी टाइप केलं — 'जरा मालन पुस'. अख्खी माहिती गेली!

"मामा, पुसलंत तिला!"

"व्हय, पुसलं की. कायबी बोलंना."

"अहो, खोडलंत!"

"खोडलं कुठं? पुसलं! आमच्याकडं पुसणं म्हंजी इचारणं."

अण्णा लालबुंद. मी मालनला म्हटलं, फॉर्म पुन्हा भरावा लागेल. ती म्हणाली, "मला न विचारता भरला, न विचारता पुसला. आता जे काय करायचं ते विचारून करा." आणि पर्स उचलून निघून गेली. फार वाईट वाटलं.

८ मार्च
मुलाकडचे येऊन गेले. द्यायला कागदच नव्हता! अण्णांची बोलणी खाल्ली, पण मनातून मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू?

'पुस'ला कडी घातली. आता मशीन आधी विचारतं — 'नक्की? हो की नाही?' मामा बघून म्हणाले, "मशीन शाणं झालं. तू कवा पुसणार?"

९ मार्च
मालनला पुसलं. 'हो' म्हणाली!!

मामांना पेढा दिला. तोंडात टाकून म्हणाले, "कराडच्या शाळेत फळा पुसायचं काम माझ्याकडंच असायचं."