खाली कोण उभं असतं

सेक्टर १०, भिलाई
७ जानेवारी २०२५

ती. गीतावन्संना अनुजाचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकला असाल. फोन केला असता, पण तुमच्या भावाचे कान घरभर असतात, आणि शेजारचा कुकर आमच्याच ओट्यावर शिट्टी देतो असं तुम्हीच मागे म्हणाला होतात. उत्तर माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवा.

ह्यांचं पिणं आता सुट्टीपुरतं राहिलेलं नाही. सकाळच्या शिफ्टला निघतानाही तोंडाला वास असतो, आणि हे चढतात क्रेनवर. वरून वितळलेल्या लोखंडाची बादली जाते आणि खाली माणसं उभी असतात. परवा ह्यांच्या टोळीतला फकिरा घरी आला, पाणीसुद्धा प्यायला नाही. भाऊचा हात थरथरून राहिला वहिनी, मले खाली उभं राहाले भेव वाटते, एवढं सांगून गेला. तेव्हापासून प्लांटचा भोंगा झाला, शिफ्टचा की अपघाताचा कळायच्या आतच मी दाराशी धावते.

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगा भरतात, त्यांचा नंबर डॉक्टरबाईंनी दिला. मी स्टाफरूममधून फोन लावला. सेक्टरातली मीटिंग ह्यांनी उडवूनच लावली. अर्धं डिपार्टमेंट त्याच रस्त्यानं भाजीला जाते, मले बेवड्यांच्या लायनीत बसवून राहिली काय, म्हणून ताट सरकवलं. शेवटी नेहरू नगरातली शनिवारची ठरली, हायवेजवळ, एका कोचिंग क्लासच्या खोलीत. तिथे घरच्यांनाही बसता येतं. ओळखीचं एक तोंड दिसलं तरी तिथूनच परत फिरीन, या अटीवर तयार झालेत. वन्सं, मला फार भीती वाटते.

लोभ आहेच, तो या दिवसांत थोडा जास्त असू द्या.

तुमची
अनुजा


वर्धा
१३ जानेवारी

चि. सौ. अनुजास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचत बसले आणि तिळगुळाचा पाक कडक झाला. घरात सगळे लाडू फोडायला बत्ता मागताहेत. आधी काय मनात आलं ते सांगू? दुर्गचे अरुणकुमारमामा हल्ली नेहरू नगरात लेकीकडे असतात, त्यांनी पाहिलं तर! मग माझी मलाच लाज वाटली. तिथे माणसं जिवानिशी जायची वेळ आणि मला मामांची काळजी.

हर्षल लहानपणापासून भित्रा. विहिरीत आधी सगळ्यांना उड्या मारायला लावायचा आणि आपण काठावर. त्याला रागे भरून नेऊ नकोस. बरोबर जा, शेजारी बस. तुझ्या बडबडीला मात्र तेवढा वेळ लगाम घाल बाई, तू गाडीत टीसीचंसुद्धा गाव विचारतेस.

जीव टांगणीला लागलाय. काय झालं ते लगेच लिही, आणि आमची माया आहे हे विसरू नकोस.

तुझी
गीता


भिलाई
सोमवार, २० जानेवारी

ती. वन्संना सा. न. वि. वि.

माझ्या तोंडानं घात केला.

आम्ही गेलो. हे मफलर नाकापर्यंत ओढून बसले. तिथे सगळे फक्त पहिलं नाव सांगतात, पुढचं कोणी विचारत नाही. माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ होते, शालिकराम म्हणून. बोलणं अगदी आपल्याकडचं. आणि मी विचारून बसले, कुठले तुम्ही, आडनाव काय, कोणत्या डिपार्टमेंटला? टाउनशिपमध्ये आपण पाहुण्याला पाणी देण्याआधी हेच विचारतो, जिभेला सवयच झाली आहे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि उठून गेले. त्यांच्यापाठोपाठ हेही गेले.

मीटिंग संपली तरी हे आले नाहीत. मी ऑटोनं एकटी परतले. हे बऱ्याच उशिरानं आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. वास येतो का ते जवळ जाऊन पाहायचा मला धीर झाला नाही. रविवार न बोलताच गेला आणि आज सकाळी हे शिफ्टला गेले. मुलांना पाढे लिहायला देऊन मी हे लिहिते आहे. क्रेनवर फोन नेऊ देत नाहीत. सगळं लक्ष भोंग्याकडे आहे. ते म्हातारे कुठे गेले असतील, त्याचीही भीती वाटते. दोघांपैकी कोणाचंही काही बरंवाईट झालं तर मी काय करू?

रागावलात तरी लोभ सोडू नका.

अनुजा


भिलाई
२७ जानेवारी

ती. ताईस हर्षलचा सा. न. वि. वि.

तुझं परवाचं घाबरलेलं उत्तर अनुजानं माझ्या हातात दिलं, म्हणून मीच लिहितो. चुका काढत बसू नको.

त्या शनिवारी मी पळालो नव्हतो. शालिकराम बाहेर पडले ते डावीकडे वळले. तिकडे दुकान आहे, मला पाठ आहे तो रस्ता. मी मागे गेलो. त्यांच्यासाठी गेलो की माझ्यासाठी, ते आजही सांगता येत नाही. दुकानाच्या दाराशी त्यांनी मला पाहिलं आणि आम्ही दोघंही शरमलो. मग समोरच्या टपरीवर चहा घेत बसलो. बायको भोळी आहे, मनावर घेऊ नका, असं मी म्हणालो. तर तिनं काय नवीन विचारलं, सारी भिलाई हेच विचारते, असं म्हणून त्यांनीच मला डिपार्टमेंट विचारलं. मी क्रेन म्हणालो. खाली कोण उभं असते, असं त्यांनी विचारलं. मी नावं सांगायला लागलो. फकिरा, तेजराम, सुगत. सुगतला नुकतीच मुलगी झाली, तेही सांगितलं.

सोमवारी क्रेनवर चढलोच नाही. मी पितो, मला वर पाठवू नका, असं साहेबांना सांगितलं. आता चौकशी लागली आहे. नोकरी राहते की क्वार्टर सोडावं लागतं, काही कळत नाही. परवाच्या शनिवारी आम्ही दोघं पुन्हा गेलो. शालिकराम आले होते. अनुजा तासभर तोंड मिटून बसली, हे तुला खरं वाटणार नाही. तरी संध्याकाळ झाली की घशाला कोरड पडते आणि मी घाबरतो.

सध्या मला खाली काम दिलंय. वर नवा माणूस असतो. आज बादली डोक्यावरून जायला लागली आणि माझे पाय जागचे हलेनात. ज्याला मी एखाद्या दिवशी मारलंच असतं, त्या फकिरानं माझा दंड धरून मला मागे ओढलं.

माया असू दे, ताई. मला तिची गरज आहे.

तुझा
हर्षल