बाबांचा आवाज कुठे ठेवायचा

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघंही आवाज चढवतो आणि भिंतीपलीकडे बाबा ऐकतात, म्हणून लिहिते. घशाचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी ठरलंय. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागणार, हे सर्जनबाईंनी काल स्पष्टच सांगितलं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवताना अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ‘ब्रेक!’ म्हणणारे आपले बाबा त्यानंतर बोलणार नाहीत.

मी ज्या ओपन सोर्स प्रकल्पासाठी कोड लिहिते, तो रेकॉर्डिंगवरून त्या माणसाचाच आवाज तयार करतो. पुढे बाबा टाइप करतील आणि लॅपटॉप त्यांच्या आवाजात बोलेल. मात्र त्यासाठी आत्ता त्यांनी पुष्कळ वाक्यं वाचायला हवीत. काल वाचता वाचता लॅपटॉपने आपल्या मनाने अपडेट घेतलं, बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि दुपारभराचं वाचन पाण्यात गेलं. बाबा हसले, पण घसा धरून.

प्रकल्पातले बहुतेक जण विंडोज सोडून लिनक्स ही सिस्टिम वापरतात. आमची साधनं तिथे विनातक्रार चालतात, इथे एकेकाची मनधरणी करावी लागते. डिस्क लहान, दोन्ही सिस्टिम मावत नाहीत. जुनी पुसून लिनक्स टाकावं असं मनात आहे. ऑफिसातली सगळी मशीनं तू सांभाळतोस, म्हणून विचारते.

रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
चिमणी

६ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

अजिबात नको! हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायची ही वेळ आहे का? नवी सिस्टिम टाकली की कधी वायफाय गायब, कधी माइक. असला बदल मी महिनाभर चाचणी घेतल्याशिवाय कुणाच्या टेबलावर जाऊ देत नाही. अपडेट बंद करून ठेव आणि आहे त्यावरच भागव. आवाज आधी, तुझी ओपन सोर्सची तत्त्वं मागाहून.

तू म्हणशील, दादाला लांब बसून शहाणपण शिकवायला काय जातंय. खरंय. रजा मंजूर झालीय, पण तिकीट काढायला हात धजत नाही. बाबांचं शेवटचं बोलणं ऐकायला जायचं, ही कल्पनाच सोसवत नाही. त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस.

माझ्या कडक शब्दांमागची काळजी तेवढी ओळख.

तुझा,
दादा

९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी डिस्क पुसून मोकळी झाले होते. आणि तुझी जीभ काळी रे! माइक खरंच गायब. त्यातच काल दवाखान्यातून फोन आला, की दुसरं एक ऑपरेशन रद्द झाल्यामुळे बाबांचं दुसऱ्या दिवशी सकाळीच करणार.

मी जुनी सिस्टिम परत टाकायची सीडी शोधायला उठले, तर बाबांनी विचारलं, की बिघाड कुठे आहे ते उघडून बघता येतं का. मी म्हटलं, यात सगळंच उघडून बघता येतं. मग बॉनेट उघड की, म्हणाले.

उघडलं. आपल्या लॅपटॉपचं मॉडेल माइक चालवणाऱ्या कोडला ठाऊकच नव्हतं. प्रकल्पातल्या एका बाईंनी, ज्यांना मी कधी पाहिलंही नाही, कोणती ओळ घालायची ते कळवलं. मी घातली. माइक जागा झाला.

वरच्या मजल्यावर ड्रिल चालू होतं, म्हणून आम्ही लॅपटॉप घेऊन बाबांच्या शिकवणीच्या गाडीत काचा चढवून बसलो. मी स्टिअरिंगवर, बाबा शेजारी, त्यांच्या जादा ब्रेकपाशी. थोडा वेळ कागदावरची वाक्यं अडखळत वाचली, मग कागद मागच्या सीटवर भिरकावले आणि मलाच गाडी शिकवायला लागले. क्लच हळू सोड, आरसा शोभेचा नाही, घाबरतेस कशाला, मी आहे ना. गाडी जागची हलली नाही, रेकॉर्डिंग मात्र चालू होतं. घसा पार बसेपर्यंत ते बोलत राहिले आणि मी रस्त्याकडेच बघत राहिले, त्यांच्याकडे बघायची छाती झाली नाही.

आज सकाळी त्यांना आत नेलंय. मी बाहेर बाकावर बसून हे लिहितेय. दार अजून उघडलेलं नाही.

तुझा आशीर्वाद आज दोघांना पुरेल इतका पाठव.

चिमणी

२ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

माझं मत बदललेलं नाही. ऐन ऑपरेशनच्या तोंडावर सिस्टिम बदलणं हा वेडेपणाच होता. शनिवारी येतोय तेव्हा माझाही लॅपटॉप आणतो, त्यावर तो वेडेपणा जरा सवडीने करू.

मी दवाखान्यात येऊन गेलो तेव्हा बाबा पाटीवर लिहून बोलत होते. त्यामुळे काल त्यांच्या नंबरवरून फोन आला, तेव्हा तूच असशील असं धरून उचलला. तर बाबा! ‘ळ’ थोडा बोबडा, मधेच नको तिथे थांबणं, पण बाबाच. जेवलास का, एवढंच विचारलं त्यांनी. मला हुंदका आवरेना. कितीतरी वेळ पलीकडून नुसती बटणांची टकटक ऐकू येत होती. मग ते म्हणाले, की रडून झालं असेल तर बोल रे, मला टाइप करायला वेळ लागतो.

तुम्हा दोघांवर जीव आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुझा,
दादा