गादी सोडलेल्या सुताराची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, धंद्याने सुतार, वय वर्षे एकोणऐंशी, हे राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोके शाबूत आहे. याआधी असाच एक कागद लिहिला होता, त्याने राज्य गेले.

त्याबद्दल लोक काहीबाही बोलतात, म्हणून खरे सांगतो. गोदीत संप झाला. पंतप्रधानांनी गोळीबाराचा हुकूम सहीसाठी पुढे केला. मी सही करीना. ते म्हणाले, "मग गादी सोडा." म्हटले, सोडतो, पण गोळी चालणार नाही या अटीवर. माझ्या जागी गादीवर येणाऱ्या धाकट्या भावाने तसा शब्द दिला आणि पाळला. मी मात्र पुन्हा देशात पाऊल ठेवायचे नाही, असे ठरले.

इथल्या सुतारकामाच्या कारखान्यातला माझा हिस्सा आणि वरच्या दोन खोल्या मुलीला. विकायच्या तर तिने खुशाल विकाव्यात. बापाची वास्तू म्हणून उरावर घेऊन बसू नये.

रंधे, पटाश्या, करवती माझ्या भागीदाराला. आधी तो माझा मालक होता. पहिल्या दिवशी माझे हात बघून त्याने विचारले होते, "आधी काय करायचास?"

"बसायचो."

"इथे उभं राहावं लागेल." त्याने एवढ्यावरच कामावर घेतले.

बायकोचे शिलाई मशीन नातीला. बायको मला "महाराज" म्हणे ती फक्त चिडली की: "महाराज, ताट उचला!" ती गेल्यापासून ताट मी न सांगता उचलतो.

पंतप्रधानांना मी माफ केलेले नाही. ते वारले, तरीही नाही. कारण आई गेली तेव्हा मला येऊ दिले नाही. धाकट्याचा फोन आला होता.

"दादा, मी विचारलं रे. नाही म्हणाले."

"तू राजा आहेस ना?"

"म्हणूनच विचारावं लागतं."

फोन बराच वेळ कोणी ठेवला नाही. आईची अंत्ययात्रा मी रेडिओवर ऐकली. मागे आमच्या बंदरातले भोंगे वाजत होते. इथेही समुद्र आहे, भोंगेही आहेत. तरी रोज सकाळी खिडकी उघडताना क्षणभर फसतो.

धाकट्याला काही ठेवलेले नाही. माझे जे होते ते त्याला नको असतानाच मिळाले.

माझा देह तिकडे न्यायला आता हरकत नाही, असे तिकडच्या सरकारने कळवले आहे. जीव ओढ घेतो, खोटे कशाला सांगू? पण बायको इथल्या मातीत आहे. मला तिच्याशेजारी ठेवा.

धाकटा येणार असेल तर थांबा. उशीर झाला तरी थांबा. त्याला मानाच्या खुर्चीत बसवू नका, खांदा द्यायला लावा. तो ताडमाड उंच आहे. बाकीच्यांच्या बरोबरीने यायला त्याला थोडे वाकावे लागेल. वाकू द्या.

साक्षीदार: शेजारचे न्हावी (सही)
डॉक्टरीणबाई (सही, "शुद्धीत आहेत, हट्टी आहेत")

लिहून देणार: मिस्त्री (सही)
स्थळ: कारखान्यावरची खोली
दिनांक: आज, रविवार, सकाळी