उजवीकडचा ठिपका

प्रिय डावखुऱ्या,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. वाईट बातमी नाही. बाबा आहेत, दोन वेळा जेवतात, चार वेळा ओरडतात. डोळ्यांना मात्र आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. धाकट्या भावाने आम्हा दोघांना त्याच्या शहरात न्यायचं ठरवलं. महिनाअखेरीला तो गाडी घेऊन येणार आणि वर्कशॉपला कुलूप लागणार. मीही हो म्हणून बसले. एकटीने किती दिवस रेटायचं रे? खोकी भरायला घेतली होती, आणि तेवढ्यात तुझं पिस्तूल आलं. तुझं म्हणजे, तू हात लावलेलं.

घेऊन आल्या त्या बाई निवृत्त क्रीडाशिक्षिका. पिस्तूल त्यांच्या वडिलांचं, जुनं, नेमबाजीच्या स्पर्धांतलं, लाकडी मूठ हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. तक्रार नेहमीचीच, गोळ्या डावीकडे जातात. नेम चुकला की लोक आधी नळीवरच्या नेम धरायच्या साइटला शिव्या घालतात, स्वतःच्या मनगटाला कुणी बोलत नाही, म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही. भिंग लावून मागची साइट पाहिली. मूळची कुठली आणि मागाहून बसवलेली कुठली, हे ओळखायला मला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागत नाही. रंग नळीशी जुळत नाही, नेमाच्या खाचेचे कोपरे गोलावलेले असतात, मापाच्या रेघा कुठे दाट कुठे विरळ, नाहीतर साइट ठोकून बसवताना शेजारी ओरखडे उठलेले असतात. इथे काही म्हणता काही नाही. रंगसुद्धा जिथे बोट लागून झिजायला हवा तिथेच झिजलेला. मी बेधडक 'साइट मूळची' अशी चिठ्ठी लिहून पिस्तुलाला बांधली. हास, हास. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

मग दोष शोधायला साइट उतरवली. बाजूच्या स्क्रूमागची स्प्रिंग मेली होती, त्यामुळे गोळीगणिक साइट केसभर सरकत होती. त्यावर कुणा दीडशहाण्याने गोंद ओतून ठेवलेला. तो खरवडला, साइट पुसली, उलटी केली, तर पोटाशी उजव्या बाजूला एक ठिपका. पंचने ठोकलेला, बारीक, अगदी गोल. मी भिंग पुसून पुन्हा डोळ्याला लावलं.

बाबांचा नियम तू विसरला असशील असं वाटत नाही. नवी साइट केली की बाहेरून दिसणार नाही असा ठिपका ठोकायचा, म्हणजे पुढे कुणी ती उघडली तर मूळची समजून फसणार नाही. बाबांचा मधोमध, माझा डावीकडे, आणि उजवी बाजू तुझी. तू एकदाही ठोकला नाहीस. इतकं साफ काम करायचं आणि आपणच त्याला डाग लावायचा, हे कुठलं शहाणपण, असं तुझं म्हणणं. बाबांचं म्हणणं, जे काम ओळखू येत नाही ते खुणेशिवाय बाहेर गेलं तर ती लबाडी. दोघेही सारखेच, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. शेवटच्या त्या भांडणात बाबा तुला सर्वांदेखत लबाड म्हणाले. तू एप्रन खिळ्याला अडकवलास आणि गेलास. येईल डोकं शांत झाल्यावर, म्हणून मी संध्याकाळपर्यंत तुझा चहा झाकून ठेवला. रडले नाही. खोटं कशाला बोलू, रडले.

आपलं ठरलं होतं ते बाबांना सांगायचं राहिलंच. नंतर दोन स्थळं आली, दोन्ही मी पळवून लावली. माझी जीभ तुला ठाऊकच आहे, 'कानस' हे नाव तूच ठेवलंस. एकाला तर मी विचारलं, तुम्हाला काय काय दुरुस्त करता येतं? तो बिचारा चहा अर्धा टाकून उठला.

तर कुणाची ते न सांगता मी ती साइट बाबांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी रेघांवरून नख फिरवलं. कानशीचे फराटे डाव्या हाताने ओढल्यासारखे उलट्या अंगाला झुकलेत हे त्यांना लगेच कळलं. मला भिंगातून दिसलं नाही ते त्यांना नखाने दिसलं, काय बोलणार! आधी ओरडले, स्प्रिंग इतकी मऊ कोणत्या गाढवाने घातली म्हणून. मग साइट उलटी केली आणि ठिपक्यावर बोट टेकवलं. म्हणाले, आला एकदाचा ताळ्यावर. डोळे पुसायला हाताशी तेलाचं फडकंच होतं, त्यामुळे नंतर मला त्यांचं तोंड साबणाने धुऊन द्यावं लागलं.

बाईंना फोन केला. जुनी साइट गेल्या वर्षी तुटली, तेव्हा त्यांच्याच गावातल्या एका कारागिराने ही करून दिली म्हणाल्या. डावखुरा आहे, कामापुरतंच बोलतो. मी आडून आडून विचारलं, त्यांच्या घरी कोण कोण असतं? तर बाई म्हणाल्या, तुम्हाला साइटची चौकशी करायची आहे की माणसाची? या वयात माझे कान लाल झाले. पुढे विचारायची हिंमत झाली नाही, पत्ता तेवढा लिहून घेतला.

तुझी साइट आता नीट झाली. जुन्या घड्याळाची स्प्रिंग कापली, तापवून पाणी दिलं, निळी पडेपर्यंत पुन्हा तापवली आणि बसवली. दुरुस्त करणाऱ्यानेही आपली खूण ठोकायची असते. हलक्या हाताने ठोकायची असते, मी जरा जोरातच ठोकली. आता तुझ्या ठिपक्याशेजारी माझा आहे आणि बाई त्यावरून नेम धरतायत.

बाबांचा निरोप असा, की खिडकीजवळचा शिकंजा रिकामा केलाय, कामावर ये, उशिराबद्दल काही बोलणार नाही. तो दिला. आता माझं. धाकट्याला मी कळवलंय की एवढ्यात गाडी आणू नकोस. त्याला वाटतं बाबा हट्टाला पेटलेत, बाबांना वाटतं मी वर्कशॉपसाठी थांबलेय. तुझं घर भरलेलं असेल तर मनापासून सांगते, सुखी राहा, हे पत्र फाडून टाक, मी खोकी पुन्हा भरायला घेईन. पण तसं नसेल तर उत्तर लिहीत बसू नकोस. तू 'ठीक आहे' एवढंच लिहिशील आणि त्याचा अर्थ लावता लावता मी म्हातारी होईन. तू गेलास त्या दुपारी मी दारापर्यंत आले होते रे, पायात चपला घालून. तू 'चल' म्हणाला नाहीस म्हणून तिथेच थांबले. तुला जमलं नाही ते मी म्हणते. ये.

तुझीच, अजूनही,
कानस