किनाऱ्यावरचे अकरा धूर

बाबा, काल तुमची ट्रंक उघडली. तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली विमानातून घेतलेला तो फोटो होता, आणि तुमचं भिंग. असा फोटो ऑफिसातून घरी आणायचा नसतो, हे तुम्हीच सांगायचात.

फौजेत तुमचं काम एवढंच होतं: आपली माणसं बोटींतून जिथं उतरणार, त्या किनाऱ्यावर शत्रू किती असेल याचा अंदाज लिहून द्यायचा. फोटोत माणसं दिसत नाहीत, म्हणून तुम्ही धूर मोजायचात. एक धूर म्हणजे फौजेचा एक लंगर, म्हणजे भटारखाना; एक लंगर म्हणजे अमुक इतके सैनिक. त्या किनाऱ्यावर अकरा धूर होते, एका रांगेत, सारख्या अंतरावर. गावातल्या चुली अशा शिस्तीत नसतात, असं तुम्हाला वाटलं. तुम्ही लिहिलंत, कडवा प्रतिकार होईल. म्हणून उतरण्याआधी किनाऱ्यावर तोफा डागल्या. आपली माणसं उतरली तेव्हा समोर शत्रू नव्हताच. खारं पाणी उकळून मीठ करणाऱ्यांची फुटलेली मडकी होती, आणि ती मीठ करणारी माणसं.

हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, आपल्या गढा गावच्या घरी, स्वयंपाकघरात. मी कॉलेजात होते. तुम्ही अळणी भाजी निमूट खाताय आणि आई म्हणते आहे, "अहो, मीठ राहिलं तर बोलत काहून नाही? जीभही रिटायर झाली का?" ती हसते, मी हसते. तुम्ही हसत नाही. मग ती कपडे काढायला गच्चीवर जाते आणि तुम्ही ताटाकडे बघत सगळं सांगता.

मी म्हणाले, "मीठ उकळून करतात हे शाळेत शिकवतात, बाबा."

"आमच्या शाळेत नाही शिकवलं, बेटा. मी नर्मदा पाहिलेला माणूस, समुद्र कुठं पाहिला होता? कमी लिहिलं असतं अन् शत्रू असता, तर आपली पोरं पाण्यातच गेली असती."

"आणि ती माणसं?"

"अच्छा, चल, जेवून घे."

मी ताटावरून उठले. तुमच्याशी पुन्हा नीट बोलायला मी फार दिवस लावले. तेवढे दिवस तुमच्याकडे नव्हते.

आज सकाळी खिडकीशी बसून भिंगातून फोटो पाहिला. तिथं काय होतं ते मला माहीत आहे. तरी मडकी दिसली नाहीत. रांग दिसली, आणि रांगेमागे जेवणाची वाट पाहणारी फौज. मी धूर मोजले. अकरा. पुन्हा मोजले. त्या माणसांना याचा काही उपयोग नाही, तुम्हालाही आता नाही.

हा कागद फोटोजवळच ठेवते आहे. एक सांगायचं राहिलं. आमच्या शाळेतही ते शिकवलं नव्हतं. मीठ उकळून करतात, हे मी त्या दिवशी तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं.