खिळ्याला टोचलेली चिठ्ठी

१९ जानेवारी, सोम.
नागनाथचा आज चौथा खाडा. पाना कसा धरायचा इथपासून मी शिकवलेलं पोरगं, आता आमच्या कापसाच्या जिनिंगचा फिटर. महिना झाला त्या गोष्टीला. भोंगा झाला, कुणीतरी "चालू" म्हणून ओरडलं, यानं बटण दाबलं. कौशल्या अजून मशीनीत अडकलेली सरकी काढत होती. दोन बोटं गेली. चूक कुणाची ते जिनिंगनं अजून ठरवलं नाही. यानं ठरवून टाकलंय.
सांजच्याला त्याच्या घरी गेलो. त्याची बायको म्हणाली, "बाबा, जेवत न्हाईत. नुसते हात धुऊन राहिलेत." हाताची सालपटं निघालेली. पाहवलं नाही.
उद्या हिंगोली.

२० जाने., मंगळ.
सरकारी दवाखाना. मनाच्या डॉ. बाई, माझ्या नातीएवढ्या. वाटलं, गोळ्या देतील, झालं. त्यांनी तासभर त्यालाच बोलू दिलं. मग त्याला विचारून मला आत घेतलं.
मी सरळ विचारलं, "येड लागलं का ह्याला?"
"नाही बाबा. धक्का बसलाय. गोळ्यांनी झोप येईल. पण काम सुटू देऊ नका, घरी बसला की आणखी मिटेल. आठ दिवस आराम, मग बटणापासून लांब, पण सगळ्यांत ठेवा."
येताना जीपमध्ये पोरगं एवढंच बोललं, "शेठला तुमी सांगा. बाकी कुणाला नको."
व्हय म्हणालो.

२१ जाने., बुध.
काय करून बसलो मी.
आजाराची चिठ्ठी गेटवरच्या खिळ्याला टोचायची, आमच्याकडं पहिल्यापासून तसंच. वॉचमन बघतो, खाडा माफ करतो. हिवताप, कंबर, बाळंतपण, सगळं त्याच खिळ्याला. सकाळी हजेरीच्या गडबडीत मी नागनाथची बी टोचली. वर ठळक छापलेलं, मानसोपचार विभाग.
दुपारच्या भाकरीपर्यंत सगळ्यांची वाचून झाली. गाठींच्या प्रेसवरचा एक जण हसत आला, "बाबा, चेला तुमचा खिसकला की. आता त्याचे नटबोल्ट कोण आवळायचे?"
चिठ्ठी काढून खिशात घातली. आता काय उपयोग.

२२ जाने., गुरु.
शेठनी बोलावलं. माणूस वाईट नाही, भित्रा आहे. बायकांची मुकादम गंगूबाई आधीच उभी होती.
"येड्याच्या हाती बटण, तर आमी मशीनीवर न्हाई जात. लेकरंबाळं हायत आमाला."
"बटण मागतंय कोण बाई? पट्टे बघंल, तेलपाणी करंल."
"आज पट्टा, उद्या बटण."
शेठ म्हणाले, "मिस्त्री, बायका व्हय म्हणल्या तर घेतो. न्हाईतर पुढच्या गुरुवारी दुसरा फिटर आणतो."
निघताना गंगूबाई माझ्याकडं न बघता बोलली, "कौशल्या म्हणली घ्या, तर आमचं काई न्हाई. बोटं तिची गेली."
तिथून नागनाथकडं. चिठ्ठीचं माझ्याच तोंडून कळावं म्हणून सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उठला, नळाकडं गेला.

२३, २४
काही लिहवत नाही.

२५ जाने., रवि.
कौशल्याच्या घरी. जयभीम झाला. सासूनं चहा ठेवला. मी नागनाथचं सगळं सांगितलं, झोप नाही, जेवण नाही, नोकरी जाते आहे. तू एक शब्द टाक, म्हणालो. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
"बाबा, महिनाभरात जिनिंगमधलं कोण आलं माझ्याकडं, सांगा बरं."
मी कप खाली ठेवला.
"शेठचा माणूस आला, सही घेऊन गेला. आज तुमी आलात, तर तुमी बी कामच घेऊन. त्याला झोप न्हाई म्हणून हिंगोलीला नेलं. मला येते का झोप, इचारलं कुणी? शेजारची गिरणी सुरू झाली की हातातलं सुटतं माझ्या. परवा लेकरू सुटलं."
लेकराच्या कपाळाला हे एवढं टेंगूळ. आल्यापासून समोर खेळत होतं. मला दिसलं नव्हतं.
जखम भरली, बाईचं संपलं, असं धरून चाललो होतो मी. इतकी वर्षं माणसांत काढून, मी.
उठलो तर म्हणाली, "त्याच्यासाठी बोलायचं का न्हाई ते मागून. आधी मला त्या डॉक्टरीणबाईकडं न्या."

२८ जाने., बुध.
हे दवाखान्याच्या बाकावर लिहितोय.
नागनाथ येत नव्हता. "तिच्याकडं कसं बघू, बाबा?" म्हणालो, नको बघू, गोळ्या संपल्यात, त्यासाठी चल. बाकावर एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला कौशल्या, मधी मी. दीड तास झाला. शेठचा फोन दोनदा वाजला. उद्याचं विचारत असतील. घेतला नाही.
आत्ता तिचं नाव पुकारलं. उठली. चार पावलं गेली, परत आली, त्याच्या पुढ्यात उभी राहिली.
"नागनाथभाऊ, मी बाहेर येईस्तोवर जाऊ नका. तुमाला एक इचारायचं हाय."
दार लागलं.
काय विचारणार, मला ठाऊक नाही. पोरगं पांढरंफटक पडलंय. म्हणतं, "बाबा, थांबू का जाऊ?"
तूच ठरव, म्हणालो. पहिल्यांदाच त्याला काही सांगितलं नाही.
अजून बसलाय.